मागील पानावरून पुढे: संश्लेषक भागाकार का चालतो

नववीच्या वहीत संश्लेषक भागाकार, म्हणजे नुसते आकडे मांडून बहुपदीला भागायची आटोपशीर रीत, बहुतेकांचा बरोबर येतो. पहिला आकडा खाली उतरवा, गुणा, पुढच्याच्या खाली लिहा, मिळवा, पुन्हा गुणा. तीन ओळींत काम फत्ते. मग कुणीतरी विचारतं, ‘भाजक क्ष − 3 आहे, मग बाहेर अधिक 3 का लिहिलास?’ आणि गाडी तिथेच अडते. ‘पद्धतच तशी आहे’ या उत्तरावर मार्क मिळतात, पण मधलं एखादं पद गायब असलं किंवा भाजक 2क्ष − 1 आला की तीच पद्धत दगा देते, आणि कुठे चुकलं तेही उमगत नाही.

तेव्हा कृती झटपट उरकू आणि तिच्या पोटात काय चालतं ते सावकाश पाहू. वही-पेन घेऊनच बसा. चलासाठी जुन्या मराठी पुस्तकांप्रमाणे क्ष वापरला आहे.

उदाहरण हे: 2क्ष³ − 7क्ष² + 5 ला क्ष − 3 ने भागायचं. क्ष चं पद नाही, म्हणून त्याच्या जागी 0. सहगुणक रूप, म्हणजे पदांतले नुसते आकडे, झालं 2, −7, 0, 5.

3 |  2   −7    0    5
  |        6   −3   −9
  |  2   −1   −3   −4

2 खाली उतरवला. 3 × 2 = 6, −7 मध्ये मिळवले, −1. 3 × (−1) = −3, शून्यात मिळवले, −3. 3 × (−3) = −9, 5 मध्ये मिळवले, −4. शेवटचा आकडा बाकी, आधीचे तीन भागाकाराचे सहगुणक. भागाकार 2क्ष² − क्ष − 3, बाकी −4. भाज्याची कोटी (क्ष चा सगळ्यात मोठा घातांक) 3 होती, भागाकाराची एकने कमी, म्हणजे 2.

खोडरबर घेऊन बसा

आता हाच भागाकार लांबलचक पद्धतीने मांडा.

2क्ष³ − 7क्ष² + 0क्ष + 5
2क्ष³ − 6क्ष²
       −क्ष² + 0क्ष
       −क्ष² + 3क्ष
              −3क्ष + 5
              −3क्ष + 9
                     −4

यात फुकटचं लिहिलेलं किती आहे ते बघा. वजा करायच्या प्रत्येक ओळीचं पहिलं पद (2क्ष³, −क्ष², −3क्ष) वरच्या पदाची हुबेहूब नक्कल आहे. ते तसं असावं म्हणून तर आपण भागाकाराचं पद निवडलं, ते कटणारच. पुसून टाका. वरून खाली आणलेले 0क्ष आणि 5 पहिल्या ओळीत आहेतच. तेही पुसा. क्ष आणि त्याचे घातांक जागेवरून कळतात, जसं 345 मधला 3 शंभराचा आहे हे वेगळं लिहावं लागत नाही. तेही गेले.

उरलं काय? वर 2, −7, 0, 5. वजा करायचे −6, 3, 9. आणि वजाबाकीतून आलेले −1, −3, −4. भागाकाराचे सहगुणक 2, −1, −3 आपण वेगळे लिहिले होते, पण प्रत्येक टप्प्यावर उरलेल्या बहुपदीचा पहिला सहगुणकच भागाकारात जातो, कारण भाजकाचा पहिला सहगुणक 1 आहे आणि 1 ने भागून आकडा बदलत नाही. म्हणून भागाकाराची ओळ आणि वजाबाकीची ओळ एकच झाली. हे वाक्य लक्षात असू द्या, 2क्ष − 1 च्या वेळी हेच आडवं येणार आहे.

राहिली चिन्हं. −6, 3, 9 हे तिन्ही आकडे भागाकाराच्या सहगुणकांना −3 ने गुणून आले आणि मग आपण ते वजा केले. उणे तीनने गुणून वजा करणं म्हणजे तीनने गुणून मिळवणं. डोक्यात सतत वजाबाकी करत बसण्यापेक्षा बाहेरच्या आकड्याचं चिन्ह एकदाच पालटलं की पुढे नुसती बेरीज. बाहेर अधिक 3 का, याचं उत्तर एवढंच.

बरोबरच येतं कशावरून?

पुसापुशीवरून पद्धत कुठून आली ते कळतं. उत्तर नेहमी बरोबरच येणार याची खात्री हवी तर सहगुणकांची तुलना करा. भागाकार द·क्ष² + प·क्ष + त आणि बाकी ब मानू. (मधला ठिपका मुद्दाम दिलाय. तो काढला तर बीजगणितात ‘दक्ष’ आणि ‘पक्ष’ शिरतील.) मग

2क्ष³ − 7क्ष² + 0क्ष + 5 = (क्ष − 3)(द·क्ष² + प·क्ष + त) + ब

उजवी बाजू सोडवली की क्ष³ चा सहगुणक द, क्ष² चा प − 3द, क्ष चा त − 3प आणि स्थिर पद ब − 3त. दोन्ही बाजू क्ष च्या प्रत्येक किमतीला सारख्या असायच्या तर सहगुणकही जोडीजोडीने सारखे हवेत:

द = 2
प = −7 + 3द
त = 0 + 3प
ब = 5 + 3त

हाच संश्लेषक भागाकार. ‘वरचा आकडा, अधिक तीन गुणिले आधीचं उत्तर’, पहिल्या ओळीनंतर तिन्ही वेळा तेच. −3 बरोबरच्या चिन्हापलीकडे गेला म्हणून +3 झाला. शिवाय प्रत्येक ओळीत अज्ञात एकच आहे, म्हणजे उत्तर निघणारच आणि ते एकच असणार. बाकी काढायला वेगळा नियमही लागला नाही. ती त्याच माळेतला शेवटचा मणी आहे.

अडत्याची वही

बाकी म्हणजे प(3) (हा प वरचा सहगुणक नव्हे, बहुपदीचं नाव), बहुपदीत क्ष = 3 ठेवून येणारी किंमत, असं शेष सिद्धांत सांगतो. वरच्या समीकरणात क्ष = 3 ठेवलं की (क्ष − 3) शून्य होतो आणि उजवीकडे ब तेवढा उरतो; सिद्धता एका ओळीची. पण बाकीच काय, तळाचा प्रत्येक आकडा म्हणजे काय, ते पाहायला खतावणी बरी.

कोल्हापुरात गुळाच्या अडत्याच्या पेढीवरची लाल कापडी बांधणीची वही पाहिली असेल. पान भरलं की तळाला बाकी मांडायची, आणि नव्या पानाच्या डोक्यावर ‘मागील पानावरून पुढे’ लिहून तीच रक्कम ओढायची. आधीच्या पानावरचे पंचवीस व्यवहार पुन्हा बघावे लागत नाहीत, त्यांचं सगळं सार त्या एका आकड्यात असतं. हिशेबातली ‘बाकी’ आणि भागाकारातली ‘बाकी’ हा मराठीत एकच शब्द आहे, आणि इथे तो दोन्ही अर्थांनी लागू पडतो.

आता अशी एक पतसंस्था कल्पा जी दर वर्षी शिल्लक तिप्पट करते. (खरोखर अशी जाहिरात दिसली तर आधी तिथून पळा.) नियम असा की कर्जही तिपटीनेच वाढतं. पहिल्या वर्षी 2 रुपये भरले. वर्षाने त्याचे 6 झाले, तुम्ही 7 काढले. खात्यावर −1, म्हणजे एक रुपया देणं. वर्षाने ते −3 झालं, तुम्ही काहीच भरलं नाही, −3. पुढच्या वर्षी −9, तुम्ही 5 भरले. शेवटची बाकी −4.

हेच दुसऱ्या बाजूने मोजा. पहिले 2 रुपये तीनदा तिप्पट झाले, 2 × 27 = 54. काढलेले 7 दोनदा, −63. शेवटचे 5 तसेच. 54 − 63 + 5 = −4. ही तर बहुपदीत 3 ठेवून काढलेली किंमत. एकाने वर्षावर्षाने बाकी पुढे ओढली, दुसऱ्याने प्रत्येक रकमेचा शेवटपर्यंतचा हिशेब वेगळा केला. खातं एकच, बाकीही एकच. बीजगणितात हे असं लिहितात:

2क्ष³ − 7क्ष² + 0क्ष + 5 = ((2क्ष − 7)क्ष + 0)क्ष + 5

सगळ्यात आतल्या कंसापासून क्ष = 3 ठेवत बाहेर या: 2, मग −1, मग −3, मग −4. तळाची ओळ तंतोतंत. या मार्गाने तिसऱ्या कोटीला तीन गुणाकार पुरतात. प्रत्येक घात नव्याने काढलात तर 3 + 2 + 1 असे सहा लागतात.

आणि गायब पदाच्या जागी शून्य का, तेही इथेच कळतं. त्या वर्षी तुम्ही काही भरलं नाही, पण वर्ष गेलं ना! शिल्लक तिप्पट व्हायची ती झालीच. शून्य गाळलंत तर एक अख्खं वर्षच वहीतून उडवलंत.

तेच 9 च्या भागाकारात

क्ष च्या जागी 10 ठेवा, म्हणजे बहुपदीची साधी संख्या होते. 2341 म्हणजे 2, 3, 4, 1 हे सहगुणक. 9 म्हणजे 10 − 1, म्हणून बाहेर 1. खाली येतात 2, 5, 9, 10. भागाकार 259, बाकी 10. बाकी 9 पेक्षा मोठी आहे, म्हणून त्यातला एक 9 भागाकारात टाका: 260, बाकी 1. 260 × 9 + 1 = 2341.

तो शेवटचा 10 म्हणजे 2 + 3 + 4 + 1. अंकांच्या बेरजेवरून 9 ची कसोटी प्राथमिक शाळेत पाठ केलेली असते; ती शेष सिद्धांतच आहे, क्ष − 1 साठी. 11 म्हणजे 10 + 1, तिथे बाहेर −1: खाली 2, 1, 3, −2. भागाकार 213, बाकी −2, म्हणजे 212 आणि बाकी 9. एकाआड एक अंक मिळवा-वजा करा ही 11 ची कसोटी इथूनच येते, फक्त सुरुवात उजव्या टोकाकडून, एककाच्या अंकापासून करा.

कुठे घसरतं

सगळ्यात महाग चूक गाळलेल्या शून्याची, कारण ती आवाज करत नाही. 2, −7, 5 एवढेच लिहून 3 ने चाललात तर खाली 2, −1, 2 येतात. दिसायला सुबक उत्तर. पण ते 2क्ष² − 7क्ष + 5 या भलत्याच बहुपदीचं आहे. उपाय: भाज्याची कोटी मोजा, त्यात 1 मिळवा, तेवढे आकडे पहिल्या ओळीत आहेत का बघा. कोटी 3, तर आकडे 4.

पदं उलटसुलट क्रमाने दिलेली असतात, परीक्षेत तर मुद्दाम. 5 + 2क्ष³ − 7क्ष² आहे तसं उतरवू नका. घातांकांच्या उतरत्या क्रमाने मांडा. क्ष + 2 ने भागताना बाहेर −2. चिन्हाचा गोंधळ होत असेल तर ‘चिन्ह पालटा’ हे घोकू नका. भाजक शून्य करणारी क्ष ची किंमत कोणती, एवढं विचारा. जी येईल ती बाहेर लिहा.

भाजक 5 − क्ष असा उलटा आला तर? 5 − क्ष = −(क्ष − 5). बाहेर 5 लिहून नेहमीसारखं करा, मग भागाकाराची सगळी चिन्हं पालटा. बाकीला हात लावायचा नाही.

हात लावायचा नाही, हे 2क्ष − 1 लाही लागू. 4क्ष³ − 8क्ष² + 5क्ष + 3 घ्या. 2क्ष − 1 शून्य होतो क्ष = ½ ला, म्हणून बाहेर ½.

½ |  4   −8    5    3
  |        2   −3    1
  |  4   −6    2    4

हा भागाकार क्ष − ½ चा झाला, 2क्ष − 1 चा नव्हे. भाजकाचा पहिला सहगुणक 1 हवा होता, तीच अट. भाज्य = (क्ष − ½)(4क्ष² − 6क्ष + 2) + 4. पहिल्या कंसाला 2 ने गुणलं तर दुसऱ्याला 2 ने भागावं लागेल: (2क्ष − 1)(2क्ष² − 3क्ष + 1) + 4. गुणाकाराच्या आत देवाणघेवाण झाली, बाहेर बसलेल्या 4 ला त्याचा पत्ताही नाही. जोरात भागताना मुलं बाकीतल्या 4 चेही 2 करून टाकतात, आणि मार्क तिथे जातो.

भाजक वर्गबहुपदी असेल तर

‘संश्लेषक पद्धत रेषीय (क्ष − 3 सारख्या, कोटी 1 च्या) भाजकालाच चालते’ असं शिकवलं जातं. पाठ्यक्रमापुरतं ठीक आहे, पण गणिताची अशी काही अट नाही. भाजक क्ष² − क्ष − 2, भाज्य क्ष³ + 2क्ष² − 3क्ष − 1. सहगुणकांची तुलना पुन्हा केली तर दिसेल की आता खालच्या आकड्यासाठी मागच्या दोन पानांवरून रक्कम ओढायची: लगतच्या आधीच्याच्या 1 पट, त्याच्या आधीच्याच्या 2 पट. (−1 आणि −2 ची चिन्हं पालटून.)

पहिला 1. दुसरा 2 + 1 = 3. तिसरा −3 + 3 + 2 × 1 = 2. चौथ्यात एक मेख आहे: तिथे फक्त −1 + 2 × 3 = 5. 2 ची 1 पट इथे घ्यायची नाही, कारण 2 हा भागाकाराचा सहगुणकच नाही, तो बाकीचा आहे. भागाकार क्ष + 3 वर संपला; बाकीला भाजकाने कुणी गुणलेलं नाही. उत्तर: भागाकार क्ष + 3, बाकी 2क्ष + 5.

क्ष² − क्ष − 2 = (क्ष − 2)(क्ष + 1) असे अवयव पाडून दोनदा भागलं तरी चालतं. 2 ने: 1, 4, 5, बाकी 9. मग 1, 4, 5 ला −1 ने: 1, 3, बाकी 2. या दोन बाक्या नुसत्या मिळवून 11 लिहू नका. दुसरी बाकी (क्ष − 2) च्या कंसात अडकलेली आहे: 9 + 2(क्ष − 2) = 2क्ष + 5.

भागाकारालाच पुन्हा भागा

पहिल्या उदाहरणाकडे परत. भागाकार 2, −1, −3 ला पुन्हा 3 ने भागा: 2, 5, बाकी 12. आता 2, 5 ला: 2, बाकी 11. उरला 2. सगळ्या बाक्या गोळा केल्या तर

2क्ष³ − 7क्ष² + 5 = 2(क्ष − 3)³ + 11(क्ष − 3)² + 12(क्ष − 3) − 4

अकरावी-बारावीत विकलज शिकाल तेव्हा हा 12 म्हणजे क्ष = 3 ला विकलजाची किंमत, हे ओळखाल: 6क्ष² − 14क्ष मध्ये 3 ठेवून पाहा, 54 − 42.

या पद्धतीला इंग्लंडच्या होर्नरचं नाव चिकटलं ते याच उद्योगामुळे. 1819 साली त्याचा लेख रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात आला, विषय समीकरणाची मुळं (ते खरं करणाऱ्या क्ष च्या किमती) अंकाअंकाने काढण्याचा. इटलीच्या रुफिनीने 1804 मध्ये हेच दिलं होतं, आणि चीनच्या छिन चिऊशाओच्या 1247 च्या ग्रंथात अशी रीत आहे.

रीत करून बघा. प(3) = −4 आणि प(4) = 21, म्हणजे 3 आणि 4 च्या मध्ये कुठेतरी मूळ आहे. क्ष − 3 ला य म्हणा: 2य³ + 11य² + 12य − 4 = 0. य = 0.2 ला किंमत −1.144, 0.3 ला 0.644, म्हणजे मूळ 3.2 च्या पुढे. आता 2, 11, 12, −4 वर बाहेर 0.2 घेऊन तीच बाक्या गोळा करायची कृती करा, सहगुणक 2, 12.2, 16.64, −1.144 येतील. यात 0.06 ठेवलं तर किंमत उणे, 0.07 ठेवलं तर अधिक. पुढचा अंक 6, मूळ 3.26 च्या पुढे. पडताळा सोपा आहे: पहिल्या बहुपदीला बाहेर 1 घेऊन भागलं की खाली 2, −5, −5, 0 येतात, म्हणजे उरलेली मुळं 2क्ष² − 5क्ष − 5 = 0 ची, आणि त्यातलं मोठं (5 + √65) ÷ 4, साधारण 3.2656. तिसरा दशांश हवा असेल तर बाहेर 0.06 लिहा आणि चालू ठेवा.